रविवारची आच

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
४ नोव्हेंबर २०२५

ती. व्हॅलेरियनकाकांना,
शॅननचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते कबूलही करवत नाही. परवा मी काकू घरात आहे का विचारलं, तर तुम्ही दोन डझन पाठव म्हणालात. कशाचे, ते मला अजून कळलेलं नाही.

काम असं आहे. सातिवलीच्या आपल्या नळांच्या कारखान्यात मी सस्टेनेबिलिटी ऑफिसर झाले, हे तुम्ही चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगितलंच आहे. आता परदेशी गिऱ्हाईक विचारतंय, एक टन पितळ ओतायला किती गॅस जळतो? वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. आकडा मोठा निघाला तर ऑर्डर दुसरीकडे जाईल आणि विठ्ठलच्या भट्टीवरची नऊ माणसं घरी बसतील.

आकडा मोठाच आहे. कारण शोधलं, तर रविवारी कारखान्याला कुलूप आणि गॅसचा मीटर मात्र चालू! विठ्ठलला विचारलं. तो म्हणाला की रविवारीही भट्टी मंद आचेवर ठेवायची हा व्हॅलेरियनकाकांचा नियम आहे, बाकी त्यांनाच विचारा. म्हणून विचारते. पत्र त्याच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलंय, तरी तो वाचेलच.

काकूला नमस्कार. लोभ आहेच, रागावून कमी करू नका.
तुमची,
शॅनन

*

नंदाखाल
६ नोव्हेंबर

चि. शॅननला अनेक आशीर्वाद.

दोन डझन अंडी. काकूला केक करायचा होता.

तुझं पत्र वाचून हसू आलं. कालची पोर आम्हाला आच शिकवणार! अगं, भट्टीतलं पितळ वितळवायचं मडकं, ती मूस, फार नाजूक असते. एकदा थंड झाली की तापवताना तडकते. अठ्ठ्याण्णव साली तडकली होती, सगळं पितळ भट्टीत सांडलं होतं. तेव्हापासून भट्टी कधी विझली नाही. मी भट्टीवरून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की बस पकडून आच बघायला जातो की नाही? उगाच जातो का?

गिऱ्हाईकाला कळव, आमच्याकडे असंच असतं. कॉम्प्युटरसमोर वाकून बसू नकोस, पाठ दुखेल.
तुझा,
व्हॅलेरियनकाका

*

एव्हरशाईन सिटी
१० नोव्हेंबर

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

अंडी विठ्ठलबरोबर पाठवली आहेत. फुटली असतील तर तो जबाबदार.

भट्टी बनवणाऱ्यांच्या इंजिनियरला विचारलं. तो म्हणतो, मूस पूर्ण रिकामी करून झाकली आणि सोमवारी हळूहळू तापवली, तर तिला काही होत नाही. आत पितळ थिजलं असेल तरच ती तडकते. रविवारी आपण आठवड्याचा नववा हिस्सा गॅस नुसता हवेत सोडतो, काका.

आपले मालक पियुषशेठ, त्यांनी यावर तोडगाही काढलाय. त्यांचं म्हणणं, रविवारी नळ बनत नाहीत, मग रविवारचा गॅस नळांत कशाला धरायचा? तो देखभालीत टाक, आकडा आपोआप सुंदर दिसेल. अहवालाखाली सही मात्र माझी. नाही म्हणावं तर नऊ जणांची पोटं समोर दिसतात.

आणि भट्टी विझवा म्हणावं, तर तुमचा रविवार जातो. मला ते कळतं. चार दिवस जेवण गोड लागलेलं नाही.
शॅनन

*

नंदाखाल
१२ नोव्हेंबर

चि. शॅनन,
अ. आ.

अंडी तीन फुटली. विठ्ठल म्हणतो की खड्डे महापालिकेचे आहेत.

आता नीट बस आणि वाच. हे मी तुझ्या काकूला, फ्लॉसीलाही सांगितलेलं नाही. तुझा इंजिनियर बरोबर आहे. अठ्ठ्याण्णव साली त्या शनिवारी गावात व्हॉलीबॉलची फायनल होती आणि सर्व्हिस माझी. घाईत मी मूस रिकामी केली नाही, उरलेलं पितळ तसंच ठेवून पळालो. सोमवारी ती तडकली. थोरल्या शेठना मी सांगितलं की थंडाव्याने गेली, आणि वर नियमही करून टाकला. सगळ्यांना वाटलं, व्हॅलेरियन किती काळजी घेतो! मॅचही आम्ही हरलो.

मी एक शनिवार झाकला, त्यासाठी सत्तावीस वर्षं रविवार जळतोय. तू रविवार झाकू नकोस, पोरी. झाकणं सोपं असतं, पण पुढे जन्मभर त्याच्यावर पहारा करावा लागतो. शनिवारी मी येतो. माझ्या शब्दाशिवाय विठ्ठल भट्टी विझवणार नाही.
व्हॅलेरियनकाका

*

एव्हरशाईन सिटी
१४ नोव्हेंबर

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. रडले, मग व्हॉलीबॉल आठवून हसले.

शेठना सांगितलं की रविवार अहवालात उघडा राहील, आणि या आठवड्यापासून भट्टी बंद हेही त्यात असेल. ते म्हणाले की ठीक, पण सोमवारी मूस तडकली तर गिऱ्हाईकाला पत्र तूच लिही. अहवालात मी जुनी प्रथा एवढंच लिहिलंय. तुमचं नाव कुठेही नाही.
शॅनन

*

नंदाखाल
१८ नोव्हेंबर

चि. शॅननला पोटभर आशीर्वाद.

नाव घाल. प्रथा म्हटलं की लोक उगाच हात जोडतात.

तू सोमवारी आठला आलीस, आम्ही पाचपासून तिथे होतो. विठ्ठल आच इंचाइंचाने वाढवत होता. बाकीचे आपापल्या देवाला बोलवत होते. मी काय म्हणत होतो सांगू? तडक गं बाई, थोडीशी तरी तडक. तुझा अहवाल आणि नऊ माणसांचं काम समोर असताना मी म्हाताऱ्याने हे मागितलं. त्याची मला लाज वाटते.

ती तडकली नाही. विठ्ठलने पहिलं पितळ ओतलं. रंग बरोबर आहे का, हे त्याने मला विचारलंसुद्धा नाही. रंग अगदी बरोबर होता.

येत्या रविवारी मिस्सेलाच ये, मग बाराला घरी जेवू. फ्लॉसी बोंबलाचं कालवण करणार आहे. मिस्सा संपली की पाय आपोआप बसस्टॉपकडे वळतील, तेव्हा माझा हात धरून मला घरी घेऊन यायला कोणीतरी हवं.

तुझाच,
व्हॅलेरियनकाका