दुसऱ्या तपासणीची नोंद

आई, जे कधीच पुसता येणार नाही असं काहीतरी मी इतक्या अभिमानाने का बांधलं, ते तुला सांगायला बसले आहे. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. मी शिकले, आपल्या घरातली पहिली पदवी घेतली, नागपुरात कॉम्प्युटरचं काम करते. तू आशाताई म्हणून जे गावभर फिरून करायचीस, तेच मी जास्त चांगलं करून दाखवणार होते. निदान सगळ्यांना तसं सांगत होते.

मी लहान असताना तू सिकलसेलच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट वाटायला निघालीस की पिशवी माझ्याकडे असायची. तू प्रत्येक घरात शिरतेस. जिथे काही निघालेलं नाही तिथेही तेवढाच वेळ बसतेस, काळा चहा पितेस, पोरीला मागच्या अंगणात, सांदवाडीत नेऊन एकटीशी बोलतेस. मला भूक लागलेली. कोपऱ्यावरच्या दारात मी मोठ्याने म्हणते, "इथं तं काहीच नाही निघालं, मंग कायले बसून राहिली व आई? चल ना!" तू माझा दंड धरून मला बाजूला ओढतेस. "या घरी काही नाही, हे तुनं साऱ्या गल्लीले सांगून टाकलं. आता बाकीच्या घराइकडे लोक कसे पाहतीन, सांग?" तेव्हा मी रडले होते. पुढे मोठी झाल्यावर, ते आपल्याला कळलं आहे असं मी धरून चालले.

मी मित्रमैत्रिणींसोबत बांधलेल्या ॲपमध्ये बाईचा रिपोर्ट बाईच्याच ताब्यात राहणार होता. ब्लॉकचेनवरचा डेटाबेस म्हणजे, तुला सांगायचं तर, एकच रजिस्टर नऊ जणांच्या मशीनवर एकसारखं लिहिलेलं. एकाने खाडाखोड केली तर बाकीचे आठ ती मानत नाहीत. वर कोणी साहेब नाही, मालक नाही. रिपोर्ट कुलपात, आणि चावी जिची तिच्या फोनमध्ये. बाहेर दिसायचं ते इतकंच: तारीख, गाव, आणि तपासणी पहिली की दुसरी. नाव कुठेच नाही. त्या नसलेल्या नावाचं मला एवढं कौतुक होतं की दिसणाऱ्या गोष्टींकडे मी नीट पाहिलंच नाही.

आपल्या गावच्या शेजारच्या काकूंची धाकटी मुलगी मला ताई म्हणते. तिचं लग्न जुळलं होतं. ती म्हणत होती, "ताई, कागदच बरा. पेटीत राहते." तिला तासभर समजावून मीच तिचा रिपोर्ट त्यात घातला. मग गावातल्या बायांना विहारात जमवलं आणि भिंतीवर यादी दाखवली. "पाहा, आहे का कोणाचं नाव?" गावातल्या तपासणी शिबिराच्या दिवशीच्या नोंदी एकाखाली एक, सगळ्या सारख्या. शेवटची एकच वेगळी होती: मंगळवार, दुसरी तपासणी. पहिलीत काही निघालं तरच दुसरीसाठी भंडाऱ्याला जावं लागतं, हे आपल्या गावात कोणाला ठाऊक नाही?

"मंगळवारी तं भंडाऱ्याच्या गाडीत एकटी हेच पोरगी होती," मागून एक म्हातारी म्हणाली. "मले म्हणे, कापड घ्याले जाऊन राहिली."

"मोठं भारी कापड भेटलं बाप्पा!" दुसरी म्हणाली आणि बाया हसल्या. धाकटी खांबाशी बसली होती. तीही हसायचा प्रयत्न करत होती. मी घाईघाईने प्रोजेक्टर बंद केला, आणि माझ्या घाईनेच उरलेल्यांनाही कळलं.

आठ दिवसांत मुलाकडचा निरोप आला, पोराले एवढ्यात लग्न कराचं नाही. ती नुसती वाहक आहे, ठणठणीत आहे. आईबाप दोघंही वाहक असतील तरच पोरांना आजार होतो; मुलाचं रक्त तपासलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता, पण ते कोणी बोललंसुद्धा नाही. मी ॲप बंद केलं. ज्यांच्या मशीनवर प्रती होत्या त्या सगळ्यांना पुसायला सांगितलं. बहुतेकांनी पुसल्या. एक जण फोन उचलत नाही. एक म्हणाला, "कोणालाच पुसता येऊ नये, म्हणून तर आपण हे बांधलं ना?" ते माझंच वाक्य होतं.

माफी मागायला गेले तेव्हा काकू तांदूळ पाखडत होत्या. त्या थांबल्या नाहीत. धाकटीच बाहेर आली. "ताई, एक इचारू? त्या यादीत तुहं कोणतं होतं?"

मी सुपाबाहेर सांडलेले तांदूळ वेचू लागले.

"नव्हतंच ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

नव्हतंच. बनवणाऱ्याने स्वतःची माहिती घालू नये, असा नियम मी केला होता आणि तो मला फार शहाणपणाचा वाटत होता. खरं हे की माझं वाहकाचं पिवळं कार्ड मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आहे, कारण साकोलीच्या एका मुलाशी माझंही लग्नाचं बोलणं चालू आहे. दुसऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून मी गावोगाव हिंडले, आणि माझ्याच ॲपवर माझा स्वतःचा तेवढा नव्हता.

हे पत्र तू असतीस तरी पाठवता आलं नसतं. यात पुन्हा धाकटीचीच गोष्ट लिहिली गेली आहे, म्हणून ते मी फाडणार आहे. माझी गोष्ट मात्र मी सांगितली. आज सकाळी त्या मुलाला कार्डाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, तूही तपासून घे. त्याने तो पाहिला आहे. पण ते माझ्यात तुम्हा दोघांपैकी एकाकडून आलं आहे, आणि बाबांना मी विचारलं नव्हतं.