तालमीत गंजीफ्रॉक चालत नाही

पनवेल,
रविवार, १० नोव्हेंबर १९५७

सौ. चंद्रावती,

नवऱ्याने बायकोला अनेक आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. पण पाच दिवसांच्या बाळंतिणीला आशीर्वाद देणारा मी कोण? यावेळी तूच दे. तुझा दादू काल बाजाराला आला होता. म्हणाला, "भावजी, पोरगी झाली. चंद्राताय बरी हाय. पोरीचा आवाज आमच्या बापाचा हाय, सारं जासई उठलं." ऐकून मी शाळेच्या पायरीवरच बसलो. तिसरीची पोरं बघत राहिली.

तुला वाचायला मीच शिकवलं, तेव्हा कुठे अडतेस ते मला ठाऊक आहे. म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. पत्र दादूला वाचायला देऊ नको, त्याच्या पोटात काही राहत नाही.

आता तुझ्या कामाचं. जाताना तू लाल कापडाचा लंगोट शिवून उशाखाली ठेवलास आणि शपथ घातलीस. "माजा बाप दोन गोणी मीठ पाठीवर घेतो, आन माजा नवरा एक कळशी आनताना तिनदा टेकवतो. मी यायच्या आत तालमीत जावा." हसत म्हणालीस, पण ते मला लागलं होतं.

तर ऐक. तालमीत जायला मी तीन आठवडे घेतले. रोज पहाटे उठायचो, लंगोट पिशवीत, वरून छत्री. पाऊस कधीच गेला, तरी छत्री. हातात काही असलं की धीर येतो. तळ्याच्या कडेने तालमीच्या दारापर्यंत जायचं, आतून दंड ठोकल्याचा आवाज आला की तसाच पुढे जाऊन दूध घेऊन घरी. तीन आठवडे मी दूध प्यालोय, तेवढी तब्येत सुधारली असेल.

भीती कसली म्हणशील, तर हसू नको. तिथे येणारे अर्धे माझ्याच हाताखालून गेलेले. ज्यांना मी अंगठे धरायला लावलं त्यांच्यासमोर उघडा उभा राहू? माझ्या बरगड्या पाढ्यासारख्या मोजता येतात. शाळेत कोट-टोपी घातली की गुरुजी दिसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची कशाला?

शेवटी काशिराम वस्तादाने पकडलं. साठीचा माणूस, कान मोडलेले, दारात उभाच होता. म्हणाला, "गुरुजी, रोज दारापरेंत येता आन वलता. आत वाघ नाय, मारुती हाय." दार ठेंगणं आहे, वाकूनच जावं लागतं. गेलो. नारळ फोडला, कुस्तीच्या हौदातली माती कपाळाला लावली. नारळ फुटायला तीन फटके लागले.

नव्या माणसाला महिनाभर कुस्ती नाही. हौदातली माती फावड्याने उकरायची, चाळायची, खडा-काच निवडायची, मग तेल, ताक, हळद घालून कालवायची. म्हणजे मजूर. पण बरं वाटलं, मजुराकडे कोणी बघत नाही. वस्ताद म्हणतो, या मातीने कातडीचे सगळे रोग जातात. तू ऐकलं आहेस का असं? मामांना विचारून कळव.

बारशाला बहुतेक यायला जमणार नाही. इन्स्पेक्शन लागलं आहे. नाव वेणू ठेवा, माझ्या आईचं.

तुझा,
बळीराम


पनवेल,
रविवार, ८ डिसेंबर १९५७

सौ. चंद्रावती,

तुझं पत्र पोचलं. सात ओळी आहेत आणि सातही ओळींत एकच प्रश्न आहे, कधी येता. अक्षर मात्र सुधारलं. बारशाला न आल्याचा राग मला मान्य आहे. इन्स्पेक्शन लांबलं. मग घराची कौलं निघाली, ती बसवून घ्यायची आहेत. त्यात मला थोडा खोकला आहे. एवढ्या लहान जिवाला या घरात घाईने आणू नको. संक्रांतीपर्यंत तिथेच राहा. सासूबाईंच्या हातचं खा, अंग भरून येऊ दे.

वेणू कोणासारखी दिसते? दादूला विचारलं तर म्हणतो, पोरासारखी दिसते.

तालमीत जातो. जोर पंचवीस, बैठका चाळीस. दंडाला हात लावला तर आत काहीतरी आहे असं वाटतं. पण एक गोष्ट बिघडली. मी गंजीफ्रॉक काढत नाही. खाली लंगोट, वर गंजीफ्रॉक. पोरं तोंडावर हसत नाहीत, माझी छडी अजून आठवत असेल. कुस्तीआधी जोडीदार एकमेकांच्या पाठीला माती चोळतात, घामाने हात निसटू नये म्हणून. माती चोळून घेणं म्हणजे तू माझ्या बरोबरीचा, असं समजतात. परवा धर्मराजने, तो आठवतो ना, मिठागरवाल्या गंगाबाईचा, मूठभर माती घेतली आणि गंजीफ्रॉकच्या आत हात घातला. मी असा झटक्यात मागे सरलो की तो हौदात पडता पडता वाचला.

धर्मराज म्हणाला, "आमचा हात चालत नाय का, गुरुजी? शालेत तुमचा हात आमाला चालायचा." त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. दोन बुकं शिकलो म्हणून मी आपल्याच माणसांचा विटाळ मानतो, असं त्यांना वाटलं. वस्तादाने बाजूला घेऊन सांगितलं, "तालमीत गंजीफ्रॉक चालत नाय. आठ दिस देतो. मग उघडे या, नायतर येऊ नका."

मला झोप नीट लागत नाही. तू नाहीस म्हणून असेल.

एक विचारायचं होतं. गणपतीच्या आधी तू मला पाणी घालताना पाठीवर काही बघून शिबं म्हणाली होतीस आणि करंजाचं तेल लावलं होतंस. ते तेव्हा केवढं होतं? सहज विचारतो. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

बळीराम


पनवेल,
शुक्रवार, १० जानेवारी १९५८

चंद्रावती,

हे पत्र एकटीने वाच. दार लावून. अडलीस तरी कोणाला विचारू नको, मागे जाऊन पुन्हा वाच.

दादू काल आला होता. यावेळी हसला नाही, पाणीही घेतलं नाही. म्हणाला, "बाप बोलतो, पोरगी झाली म्हनून जावई रुसला. दोन महिने झाले, तोंड दाखवलं नाय." आणि म्हणाला, तू रडतेस. तेवढं ऐकलं आणि मला माझी लाज वाटली. पोरगी झाली म्हणून मी रुसलो नाही ग. पोरगी झाल्याचं कळल्यापासून मी रोज तिला मनातल्या मनात उचलतो. प्रत्यक्षात उचलायला भितो.

इन्स्पेक्शन एका दिवसात आटपलं होतं. कौलं शाबूत आहेत. खोकला नाही.

माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, फिका डाग आहे. तू त्याला शिबं म्हणालीस तेव्हा रुपयाएवढा होता असं तू कळवलंस, आता तळहाताएवढा आहे. तू माहेरी गेल्यावर एकदा आंघोळीला पाणी जास्त कढत घेतलं. सगळी पाठ भाजली, तेवढ्या जागेला काही कळलं नाही. मग मी आरसा लावून तुझी शिवायची सुई टोचून बघितली. रक्त आलं, पण टोचल्याचं कळलं नाही. तेव्हापासून मला माहीत आहे. नाव लिहायला हात होत नव्हता, आता लिहितो. महारोग.

तुझ्या शपथेमुळे तालमीत गेलो असं तुला लिहिलं. ते अर्धंच खरं. तालमीच्या मातीने कातडीचे रोग जातात, असं लहानपणापासून ऐकलं होतं. वाटलं, घाम गाळू, माती लागेल, तू येईपर्यंत डाग जाईल आणि कोणाला सांगावं लागणार नाही. एवढा शिकलेला माणूस मी. दाराशी तीन आठवडे घुटमळलो ते बरगड्यांसाठी नव्हे.

वस्तादाने दिलेली मुदत संपली तेव्हा मी एक युक्ती केली. घरीच हळद आणि तांबडी माती कालवून पाठीला थापली आणि गंजीफ्रॉक काढूनच हौदात उतरलो. सगळे खूश झाले. धर्मराज तर एवढा खूश झाला की त्याने पुन्हा मूठभर माती घेतली आणि माझ्या पाठीला चोळली. डागावरूनही हात फिरवला असेल. मी डोळे मिटून उभा होतो. मनात म्हणत होतो, देवा, याला लागू देऊ नको. तरी हात बाजूला कर असं म्हटलं नाही. हे पाप माझ्याकडून झालं आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही.

सतरा-अठरा दिवस असेच गेले. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी माझी पहिली कुस्ती लागली, धर्मराजशीच. त्याने मला सांभाळून धरलं, सांभाळून पाडलं. मी पाठीवर पडलो आणि हसत उठलो, वाटलं, पडणं एवढंच असतं तर मी उगाच भीत होतो. उठून बघतो तर कोणी हसत नाही. धर्मराज माझ्या पाठीकडे बघत होता. मातीत शिंपल्याचा तुकडा राहिला होता. नवी माती खाडीकडून आणलेली, आणि ती चाळायचं काम माझंच होतं. तो तुकडा बोटभर आत रुतला होता. पाठीवरून रक्त लंगोटापर्यंत आलं होतं आणि मी उभा राहून हसत होतो.

वस्तादाने सगळ्यांना घरी पाठवलं. तुकडा काढला, जखम धुतली. मग मला म्हणाला, "डोले मिटा. किती बोटं लावली सांगा." मी म्हणालो, एक. पुन्हा विचारलं. मी म्हणालो, दोन. त्याने पूर्ण पंजा ठेवला होता.

तेव्हा मी रडलो. मोठ्याने, लहान पोरासारखा. वस्ताद माझ्यापासून हातभर सरकून बसला, चांगलाच घाबरला होता तो. विहिरीवर जाऊन हात धुऊन आला, परत आला, पुन्हा धुऊन आला. मग म्हणाला, "हौदात पाय ठेवू नका. पन उद्या सकाली हितंच या. मी संगती येतो."

दुसऱ्या दिवशी तो मला पळस्प्याच्या पलीकडच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी पिसाने, सुईने तपासलं, कोपराची नस दाबून बघितली, कानाच्या पाळीतलं पाणी काचेवर घेतलं. म्हणाले, एकच डाग आहे, कोरड्या जातीचा, हा दुसऱ्याला लागत नाही. पांढऱ्या गोळ्या दिल्या, दोन-तीन वर्षं न चुकता घ्यायच्या. मी विचारलं, बायकोला? म्हणाले, नाही. लहान मुलीला? नाही. तालमीतल्या पोरांना? नाही. मी पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागलो तेव्हा हसले आणि म्हणाले, गुरुजी, पाढे पाठ झाले असतील तर घरी जा.

काल मी तालमीत गेलो. शपथ पुरी झाली होती, गरज नव्हती, तरी गेलो. तू विश्वास ठेवणार नाहीस, त्या ठेंगण्या दाराशी मी पहिल्या दिवशीपेक्षा जास्त घाबरलो होतो. पोरं अजून आली नव्हती. वस्तादाला डॉक्टरचं सगळं सांगितलं. त्याने मूठभर माती घेतली आणि माझ्या मागे उभा राहिला. बराच वेळ नुसताच उभा. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्याने माती चोळली. जिथे डाग आहे तिथे कळला नाही, भोवताली सगळीकडे कळला. कोणाला सांगणार नाही म्हणाला. शाळेत समजलं तर काय होईल ते मला माहीत नाही. त्याची भीती वेगळी.

आता तुझं. डॉक्टर म्हणतात ते डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. वेणूला या हातात घेताना तो कापेल, हे मी तुला आधीच सांगून ठेवतो. तुझंही तसंच होईल. तू बाजूला सरकलीस तर मी तुला बोल लावणार नाही, वस्तादासारखा माणूससुद्धा सरकला होता.

एकोणीस तारखेच्या रविवारी मी जासईला येतो. घरात येणार नाही, ओट्यावर बसेन. मामांना सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगायचं असेल तर मी सांगेन, सदरा काढून पाठ दाखवेन. एवढं मला आता जमतं. तू वेणूला घेऊन बाहेर आलीस तर बघेन. माझ्याजवळ द्यायची की लांबून दाखवायची, हे तू तिची आई म्हणून ठरव, माझी बायको म्हणून नव्हे. दार उघडलं नाही तर संध्याकाळपर्यंत थांबेन आणि परत येईन, गोळ्या चालू ठेवीन.

शेवटी कळावे, लोभ असावा असं लिहितात. कळवायचं ते सगळं कळवलं. लोभाचं मी मागत नाही.

वेणूचा बाप,
बळीराम