मारुतरावांना झालेलं मार्गदर्शन

कासारवाडी,
१२ ऑगस्ट १९७४

शांतवन,

सलाम मागनं घे, आधी इथं येऊन तू काय करून ठेवलंस ते ऐक. आपल्या बळानं सेवा करू नका, देवाच्या मार्गदर्शनाची वाट बघा, असा उपदेश आमच्या चर्चच्या मंडळीला केलास. लोक रडले. मीपण रडले. तू मटणभाकरी खाऊन नगरच्या गाडीत बसलास आणि तेव्हापासून सगळी मंडळी नुसती वाट बघत बसलीय! उपासनेच्या खोलीला झाडू नाही, कारण कुणी झाडायचं ते देवानं दाखवलं नाही. पेटीवाला विलास गाणं निवडेना. (चहाला मात्र कुणी वाट बघत नाही.) तुझा खोकला बरा असेल. भावजयीचे गुडघे कसे आहेत? पाळकसाहेब तू नगरला असशील, मला शेंबडा शांतवनच, म्हणून स्पष्ट लिहिते.

भोसरीची अंबुबाई तुला आठवत असेल, पुढं बसून मोठ्यानं आमेन म्हणणारी. एकटी विधवा बाई. न्हाणीत घसरली, पाय प्लास्टरात घालून खोलीत पडून आहे. तिनं निरोप धाडला, कुणीतरी या, वचन वाचा, प्रार्थना करा. आजाऱ्याकडं जायचं काम मंडळीचे पंच मारुतराव यांचं. त्यांनी डोळे मिटले, मग एक उघडून म्हणाले, "सरूबाई, जाऊ की नको, प्रभूनं अजून दाखवलं नाही." पुढच्या रविवारी परत तेच. "आपण प्रभूच्या पुढं धावायचं नसतं." मी म्हटलं, "मारुतराव, तुम्ही पुढं धावाल अशी भीती प्रभूलासुद्धा नाही."

शेवटी मीच बस धरली. मी चौथी पास, ओळीवर बोट ठेवून वाचणारी. त्यात अंबुबाईच्या भिंतीला लागून कारखान्याची शेड, पत्रा ठोकायचं मशीन दिवसभर धाड धाड करतंय. मी स्तोत्र वाचायला घेतलं, तिला एक शब्द ऐकू जाईना. मग बेंबीच्या देठापासून ओरडून वाचलं, प्रार्थनाही तशीच केली. शेजारची दुर्गाबाई (बौद्ध घरातली आहे, मालक कंपनीत) हातात पळी घेऊन धावत आली. "आजारी माणसाशी भांडता व्हय?" मी म्हटलं, "प्रार्थना करतेय." "मग इतके दिवस कुठं होता? भाकरी मी देते, भांडं मी काढते. तुमचा देव काय सुट्टीवर हाय?" मला राग आला, विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं करायला?" ती म्हणाली, "सांगायचं काय त्यात? म्हातारी कण्हती, मला झोप येत न्हाई."

शांतवन, एवढ्या उपदेशात हे का नाही घातलंस?

आता पुढचं ऐक. अंबुबाईनं मंडळीला कळवलं, पंच नको, सरूलाच धाडा. झालं! काल मारुतराव उपासनेत उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभूनं मला स्वच्छ दाखवलंय, यापुढं सगळ्या आजाऱ्यांची सेवा सरूबाईंनी करायची." सगळे आमेन म्हणाले. आमचे हे तर सगळ्यांत आधी! इतके दिवस बंद असलेलं मार्गदर्शन उघडलं ते नेमकं माझ्या डोक्यावर. मी हो म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. घरी दोन शिफ्टचे डबे मीच करते. आग तू लावलीस, तूच विझव.

तुझी आक्का,
सरू

ता. क. भावजयीला एरंडेल चोळायला सांग.

ता. क. दुसरा. हे घरात वाचून दाखवू नकोस. आज सकाळी मी कुणी न सांगता सोपानरावांकडं गेले होते, तेच आपले भट्टीवर तांबं गाळणारे, खंगून काडी झालेत. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "बाई, मी वाचंन का?" इथं ओरडून प्रार्थना चालणार नव्हती. तो हात तसाच धरून बसले, आणि मी उठताना ते म्हणाले, "उद्या या." बायबलात देव एकदा गाढवीच्या तोंडून बोलला होता, तेव्हा मारुतरावांच्या तोंडून बोलणं त्याला जड नाही. पण हे देवाचं बोलणं की मारुतरावांचा आळस, ते मला कळेना. तू गुडघे टेकून नीट विचार. रविवारी मला मंडळीपुढं सांगायचंय, म्हणून तुझं पत्र शनिवारच्या टपालात पाहिजे. देवाला घाई करू नये, असलं काही लिहू नकोस. हो की नाही, एवढंच लिही. शनिवार म्हणजे शनिवार.