एमिलच्या बेंचवरची माझी काडतुसं

१२ ऑक्टोबर, सोमवार
तळघरात उतरले. एमिल गेल्यापासून पहिल्यांदाच. शी. काडतुसं भरायच्या त्याच्या बेंचवर काजळी, पितळेचा कीस, वाळलेल्या तंबाखूच्या थुंकीचा डबा. चाळीस वर्षं मी या माणसाशेजारी झोपले.

ऑगीचा फोन. एमिलचा धाकटा भाऊ. हात पँटला पुसतो, नाकही. म्हणाला, बेंच नुसतं पडून आहे, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की घेऊन जातो. मी म्हटलं, पडून कुठे, मी वापरतेय. तोंडातून निघून गेलं.

रात्री खालून बेंचवरच्या काडतुसं दाबायच्या यंत्राच्या दांड्याचा खट-खट आवाज यायचा, त्यावर मला झोप लागायची. अर्थात बेंच ठेवायचं ते त्यासाठी नव्हे. तत्त्वाचा प्रश्न आहे.

संकल्प: यंदा हंगामाच्या पहिल्या दिवशी घरातले सगळे पुरुष मी भरलेली काडतुसं झाडतील. मग बेंच कोण हलवतो बघते.

१४ ऑक्टोबर
बेंच सोड्याने घासलं. पाणी तीनदा बदललं. एमिलच्या बोटांचे काळे ठसे दांड्यावर, खणांच्या कडांना, जिकडेतिकडे. एकही ठेवला नाही. आता कसं माणसांचं वाटतं.

पुस्तक वाचलं. सोपं आहे. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू तोलून घालायची, वर गोळी. नाताळच्या अक्रोड-रोलला याहून जास्त अक्कल लागते. शाळेत सिस्टर लुडमिला म्हणायच्या, बर्नडेटच्या हाताला वळण आहे. त्या भरतकामाबद्दल म्हणायच्या, पण हात तोच.

२० ऑक्टोबर, सकाळी
दाबण्याआधी पुंगळ्यांना मलम चोपडायचं म्हणे. बोटांनी. वास ओल्या मेंढीचा. किळस. भांड्यांच्या साबणाने सगळं धुऊन टाकलं. पुंगळ्या आरशासारख्या झाल्या. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी बाईमाणूस नसावं.

२० ऑक्टोबर, दुपारी
पुंगळी साच्यात अडकली. दांड्याला लोंबकळले. यंत्र जुनं झालंय.

२१ ऑक्टोबर
नाइलाजाने ऑगीला बोलावलं. पुंगळीच्या बुडाला भोक पाडून, स्क्रू पिळून तिला ओढून काढली. विचारलं, मलम धुतलंस का? मी म्हटलं, जास्तीचं तेवढं पुसलं. मग बोटाने मलम कसं लावायचं ते दाखवलं आणि त्याच बोटांनी माझा केक खाल्ला.

जाताना बराच वेळ बेंचकडे बघत राहिला. म्हणाला, "हे एमिलचंच ना?" म्हणजे किती स्वच्छ झालंय बघा.

८ नोव्हेंबर, रविवार
चर्चहून आल्यावर दारू भरायला बसले. एप्रन, हातमोजे. मध्येच डोलोरेसचा फोन. ऑगीची बायको. थँक्सगिव्हिंगला टर्की तिने भाजायची की मी, यावर अर्धा तास. तिची टर्की म्हणजे ओला भुसा. परत आले तेव्हा कुठल्या पुंगळीपर्यंत दारू घातली होती ते चटकन आठवेना. पण माझी नजर पक्की आहे. अंदाजाने पुढे सुरू केलं.

सगळी झाली. काय चमकतात! एमिलची कधी अशी दिसली नाहीत.

२६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
आमच्या घरात सगळ्यांच्या रायफली एकाच मापाच्या, सासऱ्यांनीच घेऊन दिलेल्या. त्यामुळे सोपं गेलं. ऑगीला एक डबा, त्याच्या मुलाला, लाडिस्लावला एक. निळी रिबन बांधून. लाडिस्लावने डबा दोन्ही हातांत, तान्हं मूल धरावं तसा धरला. ऑगी म्हणाला, जपून ठेवतो. भारावला होता.

टर्की डोलोरेसचीच. भुसा.

३० नोव्हेंबर, सोमवार
हंगामाचा पहिला दिवस. उजाडल्यापासून डोंगरात बार. प्रत्येक बाराला म्हटलं, हा माझा. संध्याकाळी लाडिस्लाव हरीण घेऊन आला. ट्रकच्या फळीवरून जीभ लोंबत होती. नाकाला रुमाल लावून विचारलं, माझ्याच काडतुसाने ना? तो बुटांकडे बघत राहिला. लाजाळू आहे पोरगा.

५ डिसेंबर, शनिवार
ऑगीच्या गॅरेजमध्ये मांसाचा वाटा आणायला गेले. फळीवर माझा डबा, रिबन जशीच्या तशी. त्याखाली आणखी डबे. एमिलचं गिचमिड अक्षर: नाताळ अमुक साल, नाताळ तमुक साल. एकही उघडलेला नाही.

ऑगीला विचारलं, हे काय?

"दुसऱ्याने भरलेलं कुणी झाडत नाही, बर्नी. सख्ख्या भावाचंही नाही. दारू किती घातली ते त्याचं त्याला ठाऊक. जास्त झाली तर रायफल थोबाडावर फुटते."

"एमिलला माहीत होतं?"

"त्याच्या खालच्या खणात बघ. माझे डबे असतील. दर नाताळला तो मला देणार, मी त्याला. नाहीतर काय, पायमोजे द्यायचे?"

घरी येऊन खण उघडला. होते. सगळे बंद.

मूर्ख. दोघेही.

६ डिसेंबर, सकाळी
बरं. मग माझी मीच झाडते. भरणारीही मी, झाडणारीही मी, म्हणजे बेंच वापरात. लग्नाआधी वडिलांनी मला रायफल शिकवली होती, हे ऑगी विसरला असेल. फोन करून सांगितलं, खडीच्या खाणीवर ये.

६ डिसेंबर, संध्याकाळी
ऑगी आला आणि ट्रकच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मी एमिलची रायफल घेतली. माझं काडतूस आत सरकवलं. अलगद गेलं. दस्ता गालाला लावला, एमिलच्या तंबाखूचा वास आला. आणि डोलोरेसचा फोन आठवला.

कुठल्या पुंगळीपर्यंत आले होते मी?

काढलं. दुसरं घातलं. तेही काढलं. सगळी सारखीच चमकतात.

ऑगी ट्रकमागून बाहेर आला. थर्मासमधली कॉफी दिली, स्वतःच्याच कपातून. कपाची कड चिकट होती. प्यायले.

परतताना मीच म्हटलं, शनिवारी येऊन बेंच घेऊन जा. तो म्हणाला, "नेतो. पण आता पुसू नकोस."

खणांची खालची बाजू घासायची राहिलीय, काळे ठसे आहेत तिथे. राहू दे.