आधी मांड्या, मग नाच

६ जानेवारी
जोडीनृत्याच्या वर्गाचा पहिला दिवस. कल्पना बायकोची. मार्चअखेर वर्गाचा कार्यक्रम आहे, त्यात आम्ही दोघांनी वॉल्ट्झ करायचा. इतक्या वर्षांच्या संसारात तिने दुसरा हट्ट केलेला नाही, निदान माझ्या कानावर तरी आलेला नाही. आज तिच्या पायावर पाय दिला. मग शिकवणाऱ्या बाईंच्या. बाई म्हणाल्या, घरी थोडा व्यायामही करा, कंबर-मांड्या बळकट झाल्या की तोल सुधारेल. म्हणजे दोष माझा नाही, मांड्यांचा. फार बरं वाटलं.

सासूबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नाचता येईना... पुढचं मी ऐकलं नाही. पण वर्गातली फरशी खरंच उतरती आहे. गोटी ठेवून बघणार.

७ जानेवारी, पहाटे
संकल्प: रोज पहाटे व्यायाम. आजचा वेळ संकल्प लिहिण्यात गेला. उद्यापासून नक्की.

१२ जानेवारी
पहाट जमत नाही, म्हणून व्यायाम कामावर नेला. मी लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवतो, दिवसभर स्टुलावर. आज स्टूल सरकवलं आणि स्क्वॉटमध्ये बसून पॉलिश केलं. एका आजोबांची खालची कवळी जराशी तिरकी झाली. डॉक्टर ओरडले. कलेसाठी कुणाला तरी सोसावं लागतंच.

१९ जानेवारी
वर्ग बुडवला. मांड्या भरून आल्यात, जिना उलटा उतरावा लागतो. बायको म्हणाली, अहो, निदान पावलं तरी शिकून घ्या. मी समजावलं की पाया भरल्याशिवाय मजले चढवत नाहीत. ती एकटीच गेली.

बाईंनी तिला तात्पुरतं शिंप्याबरोबर उभं केलं म्हणे. हा आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी, तोही वर्गाला येतो. आधी त्याचं पोट दारातून येतं, मग तो. प्लँक करून दाखव म्हणावं!

४ फेब्रुवारी
वर्ग: नाही. प्रगती: प्रचंड. व्हिडिओत पाहिलं, नाचाच्या शेवटी नवरा बायकोला अलगद डोक्यावर उचलतो. हेच करायचं. तिला सांगायचं नाही, सरप्राइज. लॅबमध्ये प्लास्टरच्या पोत्यावर सराव केला. पोतं खांद्यापर्यंत आलं आणि फाटलं. शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणारा सहकारी, ज्याला आम्ही मेणबत्ती म्हणतो, नखशिखांत पांढरा झाला. माणसात विनोदबुद्धी नाही.

२१ फेब्रुवारी
एका पायावर उभं राहून दाढी केली. हनुवटीवर पट्टी.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात एकटीच पावलं टाकत होती. मला म्हणाली, दोन मिनिटं या ना, नुसता हात धरा. मी नेमका प्लँकमध्ये. रेकॉर्ड व्हायची वेळ, सोडणार कसा? उठलो तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, चल, ये. म्हणाली, राहू दे आता.

रेकॉर्ड झालं नाही ते झालंच नाही.

१० मार्च
पँट घट्ट! मांड्या तयार झाल्या! मुद्दाम शिंप्याकडेच सैल करायला नेली, त्यालाही कळू दे. त्याने टेप लावली. म्हणाला, मांडी आहे तेवढीच आहे, कंबर वाढलीय. प्रोटीनचे लाडू सुरू केलेत ते त्याला कोण सांगणार? टेप जुनी असावी.

निघताना हळूच म्हणाला, साहेब, वर्गाला या हो. वहिनी सारख्या दाराकडे बघतात, त्यात पाऊल चुकतं. मी म्हटलं, येणार, एकदम तयार होऊनच येणार.

२९ मार्च
रंगीत तालमीला गेलो. मला दारात बघून बायको इतकी खुलून हसली की मलाच लाजल्यासारखं झालं. बाईंना माझी योजना सांगितली. बाई म्हणाल्या, आपल्या नाचात उचलायचं काही नाही. पाय जमिनीवरच असतात. दोघांनी मिळून तालात चालायचं, बस.

हे आधी सांगायला नको? पण इतकी मेहनत वाया कशी घालवायची? म्हटलं, बघा तर खरं. बायको नको नको म्हणत असताना तिला कमरेला धरलं आणि जोर लावला. ती जागची हलली नाही. माझ्या पाठीत कट् असा आवाज आला. उचलून नेलं ते मला, शिंप्याने आणि बाईंनी.

३० मार्च
कार्यक्रम. मी पहिल्या रांगेत, कमरेला पट्टा, मागे उशी. बायको शिंप्याबरोबर नाचली. दाराकडे बघितलं नाही, पायांकडेही नाही. इतकी सुंदर दिसत होती की मला शिंप्याचा मनापासून हेवा वाटला. त्याचं पोटही मध्ये येत नव्हतं.

घरी आल्यावर म्हटलं, पुढच्या वर्षी आपण दोघं, नक्की. चपला काढता काढता ती म्हणाली, पुढच्या वर्षीचं नाव मी आजच देऊन आले, शिंपीदादांबरोबर. मग मला पाठीला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी समजावलं असतं.