चिखल्याची शीळ

१४ मार्च

प्रिय ताई,

पोचले. गाडी वेळेवर होती. डबा धुऊन ठेवलाय, कुणी तिकडे येणारं भेटलं की पाठवते. बुटांतली वाळू अजून निघते आहे.

अभयारण्य सुंदर आहे, त्यात वाद नाही. खाडीवरची लाकडी पायवाट, ओहोटीच्या चिखलात चोची खुपसणारे थवे. तू म्हणाली होतीस, "सहज ये गं, दोघी बहिणी समुद्र बघू." पक्षी बघायच्या मनोऱ्यापाशी पोचलो तर तुझे धाकटे दीर कॅमेरा घेऊन उभे. दाजी म्हणाले, "अरे वा, काय योगायोग!" ताई, दाजींना नाटक जमत नाही. तू थर्मास उघडत बसलीस आणि मला दिरांबरोबर पुढे पाठवलंस.

ते सभ्य वागले. नोकरीचं विचारलं. "आवाज मोजते," म्हटलं. म्हणाले, "म्हणजे लग्नानंतर भांडायची सोय नाही!" मी हसलेही.

मग वाळूपाशी त्यांनी खिशातून स्पीकर काढून चिखल्याची शीळ लावली. वाळूतच अंडी घालणारा तो इवलासा पक्षी. समोर असे आवाज लावायला मनाईचा फलक होता. प्रत्येक शीळ हुबेहूब आधीच्यासारखी. खरा पक्षी असं बोलत नाही, पण मादीला ते कुठून कळणार? आपल्या जागेत कुणी शिरलं असं वाटून ती अंड्यांवरून उठून धावत आली. मी म्हटलं, "बंद करा." ते म्हणाले, "थांबा हो, डोळा नीट येऊ दे." तिच्या मागे कावळा अंड्यांवर उतरला.

फोटो छान आला. कावळ्याचं मी सगळ्यांना सांगितलं, तर दाजी म्हणाले, "घालेल की पुन्हा, तिला दुसरं काम काय?" सगळ्यात आधी तू हसलीस.

ते तुझं हसणं नव्हे. तुझ्या हसण्याबरोबर मी एका खोलीत वाढले आहे. बोलावणंही तुझं नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं, तू हाक मारलीस, मी आले.

तर माझा नकार आहे. त्याबद्दल त्या घरात तुला उठता-बसता ऐकावं लागेल, हे मला ठाऊक आहे. ते त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर तुला मध्ये घातलं. तरीही नाही. खापर माझ्यावर फोड. शिकून शेफारली म्हण, तोंडाळ म्हण.

माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मापं घेतली आहेत. पण फिरायला ये, असं मी लिहिणार नाही. येशील तर राहायला ये.

त्या घराची कुणी नव्हे, फक्त तुझी,
धाकटी