प्रणालीचा शनिवार

शनिवार, दिवेलागण. भोकर.

सहस्रकुंडाचा धबधबा बघून आत्ताच घरी आलो. अंग दुखून राहिलंय, पण चैन पडत नाही ती प्रणालीच्या उपवासामुळं.

परतताना जेवायला हॉटेलात बसलो. वेटर म्हणाला, "दहा वर्षांपर्यंत हाफ थाळी, पुढं फुल." धाकट्याची हाफ झाली. प्रणाली चौदाची. माझी नजर भिंतीवरच्या दरावर गेली, बस तेवढीच. लगेच पोरगी म्हणाली, "पप्पा, मला नको. माझा आज शनिवार हाय."

हिनं शनिवार कधी धरला? सकाळी धबधब्यापाशी माझ्यासोबत भजी खाल्ली की. मला ते आठवत होतं, तरी तिची थाळी सांगितली नाही. एक थाळी काही जड नव्हती. का होती?

आता ती स्वयंपाकघरात उभ्यानंच शिळी भाकर खाऊन राहिलीय. मी बायकोला विचारलं, "असले उपवास कुठं शिकली ही?"

ती भांडी लावत होती. मागं न वळता म्हणाली, "औंढ्याच्या हॉटेलात माझा सोमवार होता, तुळजापूरच्या हॉटेलात मंगळवार. तुमाला खरं वाटलं?"

मला खरंच वाटलं होतं.